बैठक मारताना खाली जातोस तेव्हा कुठला स्नायू काम करतो? हालचालींच्या नावांबद्दल जरा सविस्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा. दहावीपर्यंत खानापूरकडं मराठी मीडियम, आता बेळगावात फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला, फ्लेक्शन एक्स्टेन्शन सगळं पाठ केलंस, आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक बैठक मारायला लावून विचारलं की खाली जाताना गुडघ्यात कुठली हालचाल होते आणि कुठला स्नायू काम करतो. तू म्हणालास फ्लेक्शन, म्हणजे वाकणं, आणि हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. अर्धे मार्क गेले आणि का गेले ते कुणी सांगितलं नाही. आणि शेवटी सांध्याची हालचाल मोजून कशी लिहायची तेही विचारलंयस.

पहिलं उत्तर बरोबर आहे, दुसरं चूक. खाली जाताना गुडघा वाकतो म्हणजे फ्लेक्शनच, पण काम करतो तो मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स, जो एरवी गुडघा सरळ करतो. आता हे का, ते तीन ओळीत सांगून उपयोग नाही, कारण तुझी अडचण बैठकीची नाहीच, नावं कशाला दिलेली असतात तिथंच गोंधळ आहे. वीस वर्षांवर झाली मला या कामात, माझ्याकडं इंटर्नशिपला येणाऱ्या पोरांपैकी बरीचजण इथंच अडकतात, हुशार पोरंसुद्धा. म्हणून पहिल्यापासून सांगते, निवांत वाच.

सगळी नावं एका उभं राहण्याच्या पद्धतीवरून ठरलेली आहेत, तिला अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन म्हणतात. तू बेळगावात राहतोस, मराठा लाईट इन्फंट्रीच्या जवानांना सावधानमध्ये उभं राहिलेलं कधीतरी बघितलं असशीलच. जवळजवळ तसंच, ताठ, तोंड समोर, हात अंगाला लागून. फरक एकच आणि तोच महत्त्वाचा, सावधानमध्ये मूठ वळलेली आणि अंगठा पँटच्या शिवणीवर असतो, अ‍ॅनाटॉमिकल पोझिशनमध्ये तळहात पूर्ण समोर आणि अंगठे बाहेरच्या बाजूला. असं कोण उभं राहतं का, तर नाही राहत, पण सगळ्या जगानं एकच उभं राहणं धरलं म्हणून इथला रिपोर्ट आणि जर्मनीतला रिपोर्ट एकसारखा वाचता येतो. 1895 मध्ये बासेल शहरात शरीरशास्त्रवाल्यांनी बसून अवयवांच्या नावांची एक यादी ठरवली, कारण तोवर एकाच गोष्टीला प्रत्येक देशात वेगळं नाव होतं. 1998 साली तिची नवी यादी आली आणि 2019 मध्ये त्या यादीची दुसरी आवृत्ती, पण मूळ तिथं आहे.

या पोझिशनवरून दिशा ठरतात. पुढं ते अँटिरियर, मागं ते पोस्टिरियर, डोक्याकडं सुपिरियर, पायाकडं इन्फिरियर, मधल्या रेषेकडं मीडियल, बाहेर लॅटरल. हातापायात धडाच्या जवळ ते प्रॉक्सिमल, लांब ते डिस्टल. म्हणजे मनगट कोपराला डिस्टल, आणि करंगळी अंगठ्याला मीडियल, हे ऐकताना उलटं वाटतं पण तळहात समोर करून बघ, करंगळी आतच येते. पेशंट आडवा झाला, पालथा झाला, उलटा टांगला तरी नावं बदलत नाहीत. पाठ पोस्टिरियरच राहते, मग तो पालथा झोपून पाठ छताकडं असली तरी. आणि डावं उजवं पेशंटचं, तुझं नव्हे. हे सोपं वाटतं. मी शिकत होते तेव्हा एका हॉस्पिटलात समोर बसलेल्या बाईंचा डावा खांदा कागदावर उजवा लिहिला होता, पुढच्या माणसानं तोच वाचून भलत्याच खांद्याला शेक दिला. फार नुकसान झालं नाही, पण त्या बाई दोन दिवस तेवढ्यासाठी बसनं येऊन गेल्या होत्या. तेव्हापासून मी पेशंटच्या अंगाला हात लावून बाजू विचारते, मराठीत, कन्नडमध्ये, जमेल त्या भाषेत, आणि मगच लिहिते.

आपल्या भाषेचा आणखी एक घोटाळा आहे तो इथंच सांगून टाकते. आपण हात म्हणतो तेव्हा खांद्यापासून बोटापर्यंत सगळा हात. पुस्तकात आर्म म्हणजे फक्त खांदा ते कोपर, म्हणजे आपला दंड, त्याच्या खाली फोरआर्म आणि मग हँड. लेग म्हणजे सुद्धा पूर्ण पाय नाही, फक्त गुडघा ते घोटा. मराठी मीडियमची पोरं लेग वाचून मांडीसकट सगळा पाय धरतात आणि पुढचं सगळं चुकतं. कंबरेचं तर विचारूच नको. पेशंट म्हणतो कंबर दुखायलीय, बोट ठेव म्हटलं तर कुणी मणक्यावर ठेवतं, कुणी खुब्यावर, कुणी पार मांडीच्या मुळाशी. तिघांचे सांधे वेगळे. त्यामुळं शब्दावर जाऊ नको, बोटावर जा.

आता प्लेन आणि अ‍ॅक्सिस. पोरांना हा भाग सगळ्यात अवघड वाटतो आणि खरंतर बैलगाडी बघितलेल्या माणसाला हा सगळ्यात सोपा. गाडी समोरून तुझ्या बाजूनं गेली तर चाक फिरतं ते पुढं मागं, आणि ज्याच्यावर फिरतं तो आस आडवा, डावीकडून उजवीकडं गेलेला. चाकाचा जो सपाट पसारा ते प्लेन, आस म्हणजे अ‍ॅक्सिस. दोघं एकमेकाला कायम काटकोनात. पुढं मागं होणाऱ्या हालचाली, गुडघा वाकवणं, कोपर वाकवणं, मान खाली घालणं, या चाकासारख्या सॅजिटल प्लेनमध्ये आणि त्यांचा आस डावी उजवी. बाजूला होणाऱ्या, म्हणजे हात कडेनं वर नेणं, कंबरेतून बाजूला झुकणं, या फ्रंटल प्लेनमध्ये, आस पुढून मागं आरपार. आणि वळण्याच्या हालचाली, नाही म्हणताना मान फिरते ती, या ट्रान्सव्हर्स प्लेनमध्ये, आस उभा, दाराच्या बिजागरीसारखा. बास, एवढंच आहे. पण लक्षात ठेव, शेतात, घरात, तालमीत कुठलीच हालचाल एका प्लेनमध्ये होत नाही. चिकोडी अथणीकडं ऊस तोडणारा माणूस बघ, कंबरेतून वाकलाय, वळलाय, एका बाजूला झुकलाय, सगळं एकदम. प्लेन हे मोजायच्या सोयीसाठी.

फ्लेक्शन म्हणजे दोन हाडांमधला कोन कमी होणं, एक्स्टेन्शन म्हणजे वाढणं, हे तू पाठ केलंयस. कोपराला, गुडघ्याला चालतं. खांद्याला आणि खुब्याला कोन बघत बसू नको, तिथं पुढं नेलं की फ्लेक्शन, मागं नेलं की एक्स्टेन्शन. मग तू विचारशील, पुढं ते फ्लेक्शन तर गुडघा मागं वाकतो त्याला फ्लेक्शन का म्हणायचं. चांगला प्रश्न आहे हा, आणि याचं उत्तर आईच्या पोटात आहे. गर्भ साधारण सहा ते आठ आठवड्यांचा असताना हातापायांचे कोंब वळतात, हात बाहेरच्या दिशेनं साधारण 90 अंश आणि पाय आतल्या दिशेनं तेवढाच. म्हणून कोपराचं टोक मागं गेलं आणि गुडघ्याची वाटी पुढं आली. मुळात दोघं एकच. कन्नडमध्ये बघ, कोपर म्हणजे मोणकै आणि गुडघा म्हणजे मोणकाल, कै म्हणजे हात आणि काल म्हणजे पाय, मोण दोन्हीकडं तोच. भाषेनं जे एका शब्दात बांधलं ते शिकायला मला कॉलेजची दोन वर्षं लागली. पावलाच्या वरच्या बाजूला डॉर्सम, म्हणजे पाठ, का म्हणतात तेही यातूनच कळतं, कारण तो भाग म्हणजे हाताच्या पंजाची मागची बाजूच, फक्त वळून वर आलेली. पाऊल नडगीकडं वर उचलणं म्हणून डॉर्सिफ्लेक्शन, आणि चवड्यावर उभं राहणं ते प्लँटारफ्लेक्शन.

अ‍ॅबडक्शन आणि अ‍ॅडक्शन कानाला सारखे लागतात आणि परीक्षेत उलटे होतात. याला आपल्याकडं घरचा उपाय आहे. अपहरण शब्द घे. लांब पळवून नेणं. लॅटिनचा अ‍ॅब आणि संस्कृतचा अप हे एकाच मुळातले, आणि इंग्रजीत अ‍ॅबडक्शनचा एक अर्थ अपहरणच आहे. मधल्या रेषेपासून हात लांब पळवला, अ‍ॅबडक्शन. परत आणला, अ‍ॅडक्शन. फक्त बोटांना मधली रेष शरीराची नसते, हाताची असेल तर मधलं बोट आणि पायाची असेल तर अंगठ्याशेजारचं दुसरं बोट.

हाताच्या अंगठ्याला मात्र सगळे नियम बाजूला ठेव. अंगठा बाकी बोटांच्या मानानं जवळजवळ काटकोनात फिरलेला आहे, म्हणून त्याचं फ्लेक्शन तळहाताच्या पसाऱ्यातूनच आडवं होतं आणि अ‍ॅबडक्शन म्हणजे तळहातापासून समोर उचलणं. आणि बोटांच्या टोकांना टोक लावणं ते ऑपोझिशन, माणसाच्या हाताची सगळी कमाई त्यात आहे. हे पुस्तकात बघून कळत नाही. निपाणीला बिडी वळणाऱ्या एखाद्या मावशीच्या शेजारी दहा मिनिटं बस आणि फक्त अंगठा बघ. पान तळहातावर, तंबाखू भरली, अंगठ्यानं दाबून पुढं सरकवलं, वळवलं, टोक दुमडलं, सेकंदात ऑपोझिशन, फ्लेक्शन, अ‍ॅडक्शन, परत अ‍ॅबडक्शन. अंगठ्याच्या मुळाशी घोड्याच्या खोगिरासारखा सांधा आहे म्हणून हे जमतं. वर्षानुवर्षं हेच करणाऱ्या हाताचं मनगट अंगठ्याच्या बाजूनं दुखायला लागतं, तेव्हा अंगठ्याला अ‍ॅबडक्शन आणि एक्स्टेन्शन करणाऱ्या स्नायूंच्या दोन दोऱ्या, म्हणजे टेंडन, त्यांच्या बोगद्यात घासत असतात. नाव नीट माहीत असलं की दुखण्याची जागा आपोआप सापडते, म्हणून मी या नावांच्या एवढ्या मागं लागते.

सुपिनेशन प्रोनेशनला पुस्तकात वाटीत सूप धरायची युक्ती देतात. आपल्याला कशाला. मराठीत उताणा आणि पालथा असे दोन सरळ शब्द आहेत. तीर्थ घेताना हात उताणा, सुपिनेशन. भाकरी थापताना पालथा, प्रोनेशन. यात कोपर फिरत नाही, खांदा फिरत नाही, फोरआर्मच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचं रेडियस दुसऱ्यावरून, म्हणजे अल्नावरून, आडवं जातं. कोपर अंगाला चिकटवून करून बघ, नाहीतर खांदा चोरून मदत करतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पावलाचा तळवा आत वळणं इन्व्हर्शन, बाहेर वळणं एव्हर्शन. भाताच्या बांधावरून पाय घसरून मुरगळतो तो बहुतेक वेळा इन्व्हर्शनमध्ये, चवडा खाली असताना, आणि पहिला ताण येतो तो बाहेरच्या घोट्याच्या पुढच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यावर. पावसात जांबोटी कणकुंबीकडची माणसं याच दुखण्यानं येतात.

गोफण फिरवताना खांदा फिरतो ते रोटेशन नव्हे हं, ते सर्कमडक्शन, चार हालचाली एकामागून एक जोडलेल्या. रोटेशन म्हणजे हाड स्वतःच्या आसावर फिरणं. बाईला मागं हात नेऊन ब्लाऊजचं हूक लावता येईना म्हणजे इंटर्नल रोटेशन गेलं, वेणी घालायला हात डोक्यामागं जाईना म्हणजे एक्स्टर्नल. आखडलेल्या खांद्यात बहुतेक वेळा एक्स्टर्नल जास्त जातं. आणि हात पूर्ण वर, 180 अंश, उचलतो त्यातले साधारण 120 खांद्याच्या सांध्याचे आणि 60 पाठीवरचं खवाट फिरल्याचे, त्यामुळं खांदा तपासताना शर्ट काढून पाठ बघितली नाही तर तपासणी अर्धीच.

आता तुझी बैठक.

फ्लेक्शन हे नाव सांध्यात काय झालं त्याचं. कुणी केलं त्याचं नाही. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिही. गुडघा वाकला, बास, एवढंच फ्लेक्शन सांगतं. तो स्नायूनं वाकवला, की वजनानं वाकला, की मी हातानं वाकवला, याबद्दल ते गप्प आहे. कुठला स्नायू हे ठरवायचं तर आधी विचारायचं, कुणीच काही केलं नसतं तर गुरुत्वाकर्षणानं काय केलं असतं? उभ्या माणसाचे गुडघे सैल सोडले तर तो खाली कोसळेल, म्हणजे गुडघा वाकवायचं काम वजन फुकटात करतंय. मग हॅमस्ट्रिंगला तिथं वाकवायचं कामच काय उरलं? काम आहे ते कोसळू न देण्याचं, हळूहळू खाली सोडण्याचं, आणि ते क्वाड्रिसेप्स करतो, लांब होत होत ताण धरून. याला एक्सेंट्रिक म्हणतात. विहिरीत घागर सोडताना दोर हातातून सरकत असतो, पण हात धरून असतो ना, तसं. वर येताना तोच क्वाड्रिसेप्स आखडत गुडघा सरळ करतो, ते कॉन्सेंट्रिक. मधेच थांबलास, थरथर कापत, ते आयसोमेट्रिक. तिन्ही वेळा स्नायू तोच, हालचाल मात्र फ्लेक्शन, एक्स्टेन्शन आणि काहीच नाही. गुडघ्यासारखंच खुब्यात, खाली जाताना फ्लेक्शन पण काम ग्लुटियस मॅक्सिमसचं, म्हणजे पार्श्वभागाच्या मोठ्या स्नायूचं, आणि घोट्यात डॉर्सिफ्लेक्शन पण काम पोटरीचं.

हॅमस्ट्रिंग गुडघा वाकवतो तो कधी, तर उभं राहून टाच पार्श्वभागाकडं उचललीस तेव्हा, किंवा पालथं झोपून गुडघ्यातून पाय उचललास तेव्हा, कारण तिथं वजन विरुद्ध आहे. आणि तोच पाय हळू खाली ठेवलास तर हालचाल एक्स्टेन्शन आणि काम तरी हॅमस्ट्रिंगचंच. आज रात्री पालथं झोपून मांडीच्या मागं एक हात ठेवून करून बघ, दोन्ही वेळा तिथंच कडक लागेल. मग उभा रहा, पुढं हात ठेव आणि बैठक मार. बोटांना कळलेलं डोकं विसरत नाही.

येळ्ळूर कंग्राळीकडची कुस्तीची पोरं माझ्याकडं येतात, त्यांना बैठका शेकड्यानं मोजायची सवय. त्यांना मी सांगते की मोजू नको, खाली जाताना दुप्पट वेळ घे. एक्सेंट्रिक काम अंगाला सवय नसताना केलं तर दुसऱ्या तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. पारगडच्या पायऱ्या चढून दम लागतो पण दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही ते उतरल्यामुळं, तेच हे. जोर मारताना कोपराचं पण असंच, खाली जाताना फ्लेक्शन, काम दंडाच्या मागच्या ट्रायसेप्सचं. तू उद्या व्हायव्हात जोर आला तर फसणार नाहीस.

आणखी एक पायरी पुढची, पहिल्या वर्षाला नाही विचारत पण डोळ्याला लागू दे. एका पायावर उभा राहिलास तर त्या बाजूचा ग्लुटियस मीडियस, म्हणजे खुब्याच्या कडेचा स्नायू, काम करतो. पुस्तकात तो अ‍ॅबडक्टर, म्हणजे पाय बाहेर नेणारा, पण इथं पाय जमिनीला रोवलेला आहे, मग तो पाय हलवायच्या ऐवजी ओटीपोटाचं हाड तोलून धरतो, दुसरी बाजू खाली पडू नये म्हणून. तो कमजोर असला की चालताना दुसरी बाजू खचते, ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जननं 1895 मध्ये हे मांडलं. म्हणून उजवा खुबा दुखणाऱ्या आजोबांना काठी डाव्या हातात द्यायची. घरचे हमखास दुखऱ्या बाजूला देतात, प्रेमानंच देतात, पण त्यानं त्या स्नायूचा भार हलका होत नाही. एस. टी. स्टँडवर एक तास बसून फक्त लोकांची चाल बघत जा, तेवढं कुठलं पुस्तक शिकवत नाही.

मोजमापाचं तू शेवटी विचारलंयस. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, साधा प्लास्टिकचा, 360 अंशांचा घे, महागडा नको. एक दांडी स्थिर हाडाला, एक हलणाऱ्याला, मधला स्क्रू सांध्याच्या आसावर. गुडघ्याला बाहेरच्या बाजूनं, वरची दांडी खुब्याच्या उंचवट्याकडं, खालची बाहेरच्या घोट्याकडं. आकडा एक लिहू नको, कायम दोन लिही. मागं एका कोपराच्या पेशंटच्या चिठ्ठीवर नुसतं 'एक्स्टेन्शन 30' लिहून आलं होतं. आता याचा अर्थ काय, 30 अंश कमी पडतात की 30 अंशच सरळ होतो? 30 ते 110 असं लिहिलं की कळतं, 30 च्या पुढं सरळ होत नाही आणि 110 च्या पुढं वाकत नाही. आणि पेशंटनं स्वतः केलं की तू करून घेतलंस तेही लिही. गुडघा तुझ्या हातानं पूर्ण सरळ होतो पण त्याच्या त्याला शेवटचे 10 अंश जमत नाहीत, तर सांधा मोकळा आहे, ताकद कमी आहे, उपाय पूर्ण वेगळा.

पेपरात इंग्रजी नावंच लिही, स्पेलिंगसकट पाठ कर, तिथं सवलत नाही. पण गुडघ्याला ढोपर म्हणणारी आजी समोर बसली की तिला ढोपर दुमडा म्हण, पाय लांब करा म्हण, उताणा हात करा म्हण. ती बरोबर करते, आणि मग तू मनात फ्लेक्शन, एक्स्टेन्शन, सुपिनेशन म्हणत कागदावर आकडा टाक. बैठकीचं करून बघितल्यावर अजून काही अडलं तर विचार, जोराचा खालचा अर्धा भाग खांद्यात काय करतो ते मी मुद्दाम सांगितलं नाही, ते तू मला लिहून पाठव.